खालून पाहिलेली खासदारकी

४ जून २०१४ रोजी सोळावी लोकसभा पहिल्यांदा भरली, तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर आमचे खासदार बसले होते. आमचे म्हणजे छिंदवाड्याचे, कमलनाथ. आदल्याच दिवशी गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले होते. सभागृहाने त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि दुसरं काही कामकाज न होता तो दिवस संपला.

नवी लोकसभा निवडून येते तेव्हा तिला अध्यक्ष नसतो, आणि अध्यक्ष निवडायचा तर आधी सदस्यांची शपथ व्हायला हवी. मग शपथ द्यायची कोणी? त्यासाठी राष्ट्रपती एका ज्येष्ठ सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. दोन-तीन दिवसांचं पद, पण मान मोठा, कारण साधारणपणे जो सर्वांत जास्त वेळा निवडून आला त्याच्याकडे ते जातं. कमलनाथ तेव्हा नवव्यांदा निवडून आले होते. ६ जूनला त्यांच्याच देखरेखीखाली सुमित्रा महाजन यांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली आणि त्यांनी आसन सोडलं. सुमित्राताई जन्माने चिपळूणच्या, सासर इंदूर, तिथून सलग आठव्यांदा खासदार. म्हणजे एक मराठी बाई हिंदी शहरातून निवडून आलेली, आणि कानपूरला जन्मलेला, डेहराडून-कोलकात्यात शिकलेला एक पुढारी अशा मतदारसंघातून, ज्याचे दोन तालुके बाजारात, लग्नात, भांडणात मराठी बोलतात. ते दोन तालुके पांढुर्णा आणि सौंसर. मी या पट्ट्यातला. ही बातमी मी चार परिच्छेदांची पाठवली होती, नागपूरच्या पेपरात ती चार ओळींची आली.

मी वार्ताहर. पगारी नव्हे, कॉलमवर पैसे मिळणारा. पांढुर्ण्याच्या मोटार स्टँडवर नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे बातमीचं पाकीट द्यायचं, तिकडे पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. पुढे फॅक्स आला, मग ई-मेल, आता फोनवरूनच जातं. साधनं बदलली, आमची जागा बदलली नाही. नागपूरच्या डेस्कला आम्ही परराज्यातले, भोपाळच्या हिंदी पेपरांना महाराष्ट्राकडचे. त्यामुळे आमचा खासदार दिल्लीत नेमकं काय करतो हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. खासदार निवृत्तीच्या वयाला आले की आठवणी लिहितात, मुलाखती देतात. त्या सगळ्या दिल्लीच्या बाजूने असतात. मी ती खासदारकी खालून पाहिली आहे. तिथून ती निराळी दिसते.

आधी थोडा भूगोल. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, सौंसरहून त्याहून जवळ. भोपाळ त्याच्या अडीच-तीनपट लांब. दवाखाना नागपूरचा, संत्र्याची मंडी नागपूरची, पोरीला पाहायला येणारे पाहुणे काटोल, सावनेर, नरखेडचे. १९५६ पर्यंत हे गैरसोयीचं नव्हतं, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेले आम्ही जिल्ह्यासोबत तिकडेच राहिलो. बाहेरच्या जगाला आमची आठवण वर्षातून एक दिवस येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात आणि गोटमारीची चित्रं देशभर दाखवली जातात. उरलेले दिवस आम्ही संत्री, कापूस आणि रेल्वेच्या थांब्यांची काळजी करतो.

छिंदवाड्याचं राजकारण हट्टी आहे. १९७७ च्या जनता लाटेत उत्तर भारतात काँग्रेस धुऊन निघाली, मध्य प्रदेशात तिला एकच जागा मिळाली, ती छिंदवाड्याची. गार्गीशंकर मिश्र निवडून आले. अशा खात्रीच्या जागेवर १९८० साली तेहतीस वर्षांचे कमलनाथ उतरले. संजय गांधींचे डून स्कूलपासूनचे मित्र. प्रचाराला इंदिराबाई स्वतः छिंदवाड्याला आल्या आणि हा माझा तिसरा मुलगा आहे असं सांगून गेल्या. त्या एका वाक्यावर इथली एक अख्खी पिढी मत देत राहिली. माझ्या वडिलांच्या पिढीतले शेतकरी हिशेब साधा मांडायचे: बाईने पोरगा दिला, तो सांभाळायचा. बाहेरचा आहे हे कोणी मनाला लावून घेतलं नाही. सभेत भाषण हिंदीत व्हायचं, टाळ्या मराठीत पडायच्या.

त्यानंतरचं गणित वाचकांनी एकदा नीट पाहावं. १९८०, १९८४, १९८९, १९९१, मग मध्ये खंड, मग १९९८, १९९९, २००४, २००९, २०१४. नऊ विजय, सदतीसेक वर्षं. इंद्रजित गुप्ता अकरा वेळा लोकसभेत होते, वाजपेयी आणि सोमनाथ चॅटर्जी दहा वेळा, त्यामुळे हा विक्रम नव्हे. पण वाजपेयींनी मतदारसंघ बरेच बदलले. एकाच मतदारसंघाने एकाच माणसाला नऊदा पाठवणं वेगळं. मराठी वाचकाला त्याचं जोडीदार उदाहरण नंदुरबारचं. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले आणि २००९ साली तेही हंगामी अध्यक्ष झाले होते. सातपुड्याच्या पश्चिम अंगाला नंदुरबार, इकडे छिंदवाडा, दोन्हीकडे आदिवासी मतदार मोठा, दोन्हीकडे इंदिराबाईंचं नाव. फरक एवढाच की गावित नवापूर तालुक्यातले, तिथल्याच मातीतले होते आणि दिल्लीत राज्यमंत्रिपदापर्यंत गेले. आमचे दिल्लीहून आले आणि दिल्लीत शेवटपर्यंत वर चढत राहिले.

आता इथल्या माणसाला खासदार म्हणजे काय वाटायचं ते सांगतो. खासदार म्हणजे हेलिकॉप्टर. सोमवारी दौरा असला की शनिवारी फोन सुरू. "भाऊ, साहेब येऊन राहिले का? कुठी उतरते?" लोकांना भाषण ऐकायचं नसायचं, अर्ज द्यायचा असायचा. बदली थांबवायची, पोराला कंपनीत लावायचं, दिल्लीच्या एम्समध्ये नंबर लावायचा, डीपी जळाली ती बदलायची. यातली निम्मी कामं सरपंचाची किंवा आमदाराची, पण अर्ज साहेबांना. छिंदवाड्याजवळ शिकारपूरला त्यांचं घर आहे; आमच्याकडे "शिकारपूरला जाऊन आलो" म्हटलं की काम कुठवर आलं ते समोरच्याला कळायचं. चिठ्ठी निघायची, फोन जायचा. काम व्हायचंही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. एम्समध्ये ज्याच्या बायकोची शस्त्रक्रिया अशा फोनवर झाली, त्याला संसदीय लोकशाहीचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही.

खासदार निधीचाही असाच गैरसमज. पुष्कळांना वाटतं तो पैसा खासदाराच्या खिशात येतो. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला रक्कम लाखांत होती, १९९८ पासून वर्षाला दोन कोटी, २०११ पासून पाच कोटी. खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी, निविदा, पैसे देणं हे सगळं जिल्हा प्रशासनाचं. छिंदवाडा लोकसभेत सात विधानसभा येतात: जुन्नारदेव, अमरवाडा, चौरई, सौंसर, छिंदवाडा, परासिया, पांढुर्णा. पाच कोटींचे सात वाटे केले तर सौंसरच्या वाट्याला वर्षाला सत्तर लाख येतात. त्यात रस्ता किती होतो ते कोणत्याही ठेकेदाराला विचारा. समाजमंदिराच्या भिंतीवर खासदाराचं नाव कोरलेलं असतं म्हणून आपण त्याला इमारतींनी मोजतो. संसदेत तो काय बोलला याची पाटी कुठेच लागत नाही.

आणि इथे माझी खरी गोष्ट सुरू होते. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं की आपल्या भागाबद्दल लोकसभेत आजवर काय विचारलं गेलं ते शोधायचं. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि उत्तरं सदस्याच्या नावाने सापडतात. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे कामकाजाचा पहिला तास. रोज वीस तारांकित प्रश्न, त्यांना मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, त्यावर उपप्रश्नही येतात. शिवाय दोनशे तीस अतारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं लेखी. याखेरीज नियम ३७७ खाली सदस्य आपल्या भागातला विषय मांडू शकतो, शून्य प्रहरात उठू शकतो. मी नाव टाकलं आणि प्रश्नकर्त्यांच्या यादीत वर्षांचे मोठे मोठे पट्टे रिकामे दिसले. आधी मला राग आला. मग कारण लक्षात आलं आणि ते फार साधं होतं. मंत्री प्रश्न विचारत नाही. तो उत्तर देतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार वापरायचा तो मंत्रिमंडळाबाहेरच्या सदस्याने.

कमलनाथ १९९१ पासून १९९६ च्या सुरुवातीपर्यंत आधी पर्यावरण, मग वस्त्रोद्योग सांभाळत होते. २००४ ते २००९ वाणिज्य, मग रस्ते वाहतूक, मग नगरविकास, त्यातच संसदीय कामकाज. खासदारकीतली जवळपास पंधरा वर्षं मंत्रिपदाची. म्हणजे आमचा माणूस जेवढा मोठा होत गेला तेवढा आमचा भाग लोकसभेच्या नोंदवहीतून पुसट होत गेला. शेजारच्या एखाद्या साध्या खासदाराने आपल्या स्टेशनवर गाडी थांबवा म्हणून पाचदा विचारलं असेल, त्याची तारीख, उत्तर, मंत्र्याची सही सगळं छापील आहे. पांढुर्ण्याला गाडी थांबली असेल ती एका फोनवर, त्याचा कागद कुठेही नाही. आम्हाला वट मिळाली, नोंद मिळाली नाही. वार्ताहर असल्यामुळे मला नोंदीचं जास्त वाटतं असं कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण फोन करणारा गेला की फोनवर मिळालेली गोष्ट मागायची कशाच्या आधारावर?

मोठेपणा मात्र खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. १९९२ ला रिओमध्ये पृथ्वीच्या पर्यावरणावर जगभरचे देश जमले तेव्हा भारताचे पर्यावरण मंत्री आमचे होते. तिथे पंतप्रधान नरसिंह रावही गेले होते, आणि ते आमचे जुने शेजारी. १९८४ आणि १९८९ ला ते सीमेपलीकडच्या रामटेकमधून लोकसभेवर गेले होते, सुरेख मराठी बोलायचे. म्हणजे एके काळी सौंसर-सावनेरच्या मधल्या नाक्याच्या अलीकडे कमलनाथ आणि पलीकडे नरसिंह राव असे दोन खासदार होते, दोघेही बाहेरून आलेले! आमच्या भागातली काँग्रेसची मतं तेव्हा किती पक्की मानली जात, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. गमतीचा भाग असा की त्या दोघांत मराठी बोलणारा तेलुगू माणूस महाराष्ट्राच्या वाट्याला आला, आणि आम्हा मराठी लोकांना हिंदी बोलणारा.

दुसरा प्रसंग जिनिव्हाचा, जुलै २००८. जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा फेरीची बोलणी शेवटच्या टप्प्यात होती. मुद्दा शेतकऱ्याचा होता. बाहेरून एखादा शेतमाल अचानक भरमसाट आला तर गरीब देशाला ठरलेल्या मर्यादेच्या वर आयात शुल्क लावता यावं, अशी एक संरक्षक तरतूद होती. प्रश्न एवढाच की 'भरमसाट' केव्हा म्हणायचं. मसुद्यात होतं की आयात चाळीस टक्क्यांनी वाढल्यावर. भारताचं म्हणणं, तोवर शेतकरी मरून जाईल, ही रेषा बरीच खाली हवी. अमेरिका हलेना. भारत हलला नाही, चीन भारताच्या बाजूने राहिला, आणि २९ जुलैला बोलणी फिसकटली. विलायती पेपरांनी बरंच खापर कमलनाथांवर फोडलं. अर्थशास्त्राच्या बाजूने कोण बरोबर हे मी सांगणार नाही. पण ज्याच्या मतदारसंघात कापूस आणि संत्रा पिकतो, तो माणूस जिनिव्हात शेतकऱ्याच्या नावाने अडून बसला, ही आमच्यासाठी पहिल्या पानाची बातमी होती. मी सौंसरच्या दोन-चार कापूसवाल्यांना विचारलं. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक हाये भाऊ, पण यंदा भाव काय निघते ते पाय ना." जिनिव्हा आणि सौंसरची मंडी यांच्यामधला रस्ता कोणीतरी त्याला समजावून सांगायला हवा होता. साहेबांनी नाही सांगितला. मीही चार ओळींत काय सांगणार होतो!

संसदीय कामकाज मंत्री म्हणजे सभागृहातला आकडे जुळवणारा माणूस. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणूक येऊ द्यायची की नाही यावर लोकसभेत मतदान झालं. सरकारकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. समाजवादी पक्ष आणि बसपा विरोधात बोलले आणि मतदानाआधी बाहेर पडले. सरकार २५३ विरुद्ध २१८ ने वाचलं. असं काम टीव्हीवर दिसत नाही, गॅलरीत बसून कळत नाही. त्याला ओळखी लागतात, आणि ओळखींना वर्षं लागतात. सहा-सात लोकसभा पाहिलेला माणूस कोण कधी चहाला जातो आणि कोण कधी उठून जातो हे ओळखतो. बारा वर्षांच्या खासदाराला हे जमत नाही असं नाही, पण तीस वर्षांच्याला ते सहज जमतं.

ज्या गोष्टी सत्काराच्या भाषणात येत नाहीत त्याही लिहायला हव्यात. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत दिल्लीच्या रकाबगंज गुरुद्वाऱ्यापाशी ते हजर होते, यावरून आजही आरोप होतात. त्यांनी ते नेहमी फेटाळले, आणि नानावटी आयोगाला त्यांच्यावर ठपका ठेवण्याइतका पुरावा मिळाला नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला तर कमलनाथ हे नाव निराळ्याच कारणाने पाठ असतं. हिमाचलात बियास नदीकाठी त्यांच्या कुटुंबाशी संबंध असलेल्या मोटेल कंपनीला वनजमीन मिळाली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली आणि नदी, जंगल ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात आणलं. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. माझ्या पुतण्याने नागपूरला एलएल.बी. करताना हा खटला वाचला आणि मला फोन केला, "काका, हे आपलेच का?"

त्यांच्या एकमेव पराभवाची सुरुवातही त्याच वर्षी झाली. १९९६ च्या सुरुवातीला जैन हवाला प्रकरणात अनेक पुढाऱ्यांची नावं आली, त्यात तेही होते. मंत्रिपद गेलं, तिकीट मिळालं नाही. पत्नी अलकानाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढे हवालाचे खटले न्यायालयात टिकले नाहीत. अलकाताईंनी राजीनामा दिला आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीत साहेब पुन्हा उभे राहिले. इथे मतदाराचं बिनसलं. भाजपने माळव्यातून माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांना आणलं आणि त्यांनी कमलनाथांना सदतीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. पांढुर्ण्याच्या चौकात तेव्हा एकच वाक्य फिरत होतं: "बाईले निवडून देल्लं तं बाईले राहू द्याचं व्हतं." ज्याला आम्ही घरचा पोरगा मानायचो त्यानेच आमचं मत बदलीच्या हुकमासारखं फिरवलं, हे लोकांना लागलं. वर्षभरात, १९९८ ला, त्याच पटवांना हरवून साहेब परतही आले. पटवा मग होशंगाबादकडे वळले. पण १९९७ हा या मतदारसंघाने त्या काळात एकदाच उच्चारलेला 'नाही' आहे, आणि तो धोरणाबद्दल किंवा लाचलुचपतीबद्दल नव्हता. आपल्याला गृहीत धरल्याबद्दल होता.

रस्ते आणि रेल्वे यांचं श्रेय कोणाचं, यावर इथे अजून भांडणं होतात. २००९ ला रस्ते खातं आलं तेव्हा रोज वीस किलोमीटर महामार्ग बांधायचं लक्ष्य त्यांनी जाहीर केलं. ते गाठलं गेलं नाही, पण तेव्हापासून दिवसाला किती किलोमीटर ही भाषा देशात रुजली. २०१४ पासून ते खातं नागपूरच्या नितीन गडकरींकडे. सावनेर-सौंसर-छिंदवाडा रस्त्यावरून गाडी सुरळीत धावली की काँग्रेसवाला एक नाव घेतो, भाजपवाला दुसरं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजचंही तसंच. अडीच फुटी रुळांची ब्रिटिशांच्या काळातली ती गाडी रामाकोना, सौंसर, लोधीखेडा करत जायची. २०१५ च्या अखेरीस ती बंद पडली, आणि मोठ्या रुळांवरची प्रवासी गाडी यायला २०२१ उजाडलं. मंजुरी एकाच्या काळात, उद्घाटन दुसऱ्याच्या. मधल्या पाच वर्षांत दूधवाल्यांनी आणि कॉलेजच्या पोरींनी बसचं तिकीट काढलं, त्यांचा फोटो कोणत्याच उद्घाटनात नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये साहेब मुख्यमंत्री झाले, लोकसभेची जागा सोडली. पंधरा महिन्यांत, मार्च २०२० ला, सरकार पडलं. २०१९ ला मुलगा नकुलनाथ खासदार झाला. मध्य प्रदेशातल्या एकोणतीस जागांपैकी काँग्रेसला मिळालेली तेवढी एकच. मताधिक्य सदतीस हजारांच्या घरात, म्हणजे बाप एकदा जेवढ्याने हरला होता साधारण तेवढ्यानेच मुलगा जिंकला. जाणत्यांनी तेव्हाच मान हलवली होती.

मग २०२३. ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीपाशी आले आणि पांढुर्णा जिल्हा जाहीर करून गेले. ऑक्टोबरमध्ये जिल्हा झालाही. पांढुर्णा आणि सौंसर मिळून. कलेक्टर ऑफिससाठी छिंदवाड्याला जाऊन दिवस मोडणाऱ्या माणसाला हे काय आहे ते विचारा. तरी नोव्हेंबरात लोकांनी सातही विधानसभा काँग्रेसलाच दिल्या, राज्यभर भाजपची लाट असताना. आणि पुढच्या एप्रिलमध्ये लोकसभेला उलटं मत दिलं: भाजपचे विवेक बंटी साहू एक लाख तेरा हजारांहून जास्त मतांनी जिंकले. निकालाची तारीख ४ जून. हंगामी अध्यक्षाच्या आसनाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

का, याची उत्तरं मी पुष्कळ ऐकली. साहेब भाजपमध्ये जाणार अशी फेब्रुवारीभर चाललेली चर्चा, जवळचे लोक फुटणं, लाडली बहनाचे पैसे, मोदींचं नाव. सगळी थोडी थोडी खरी असावीत. माझं स्वतःचं मत वेगळं आहे. १९८० साली मत दिलेला मतदार आता फार उरला नाही. त्याच्या नातवाला शिकारपूरची चिठ्ठी नको आहे. त्याचा अर्ज मोबाइलवर भरला जातो, पैसे खात्यात येतात, आणि त्याला मधला माणूस लागत नाही किंवा लागतो तो सीएससी सेंटरवाला. चिठ्ठीवर उभी असलेली खासदारकी चिठ्ठीची गरज संपली तेव्हा संपली.

आता आमच्याकडे असा खासदार आहे जो मंत्री नाही, आणि म्हणून विचारू शकतो. पक्षांशी मला देणंघेणं नाही. मी आणि दोघं-तिघं निवृत्त मास्तर मिळून प्रश्न काढत आहोत. पांढुर्ण्याला कोणत्या गाड्यांचे थांबे मागितले गेले, नाकारले तर कोणत्या कारणाने. संत्र्याच्या निर्यातीत अडचण आली की सीमेपलीकडच्या काटोलला मिळणारी मदत अलीकडच्या शेतकऱ्याला मिळते का. घटनेच्या ३५०अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितलं आहे, तर आमच्या दोन तालुक्यांत मराठी शिकवणाऱ्या मास्तरांच्या जागा किती आणि भरलेल्या किती. शिवाय जनगणना होऊ घातली आहे, तिच्या पाठोपाठ मतदारसंघांची फेररचना येईल. २००८ च्या फेररचनेत पांढुर्णा विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली, हे इथल्या पुष्कळांना उमेदवारी अर्जांच्या वेळी कळलं. जिल्हा वेगळा झाल्यावर लोकसभा छिंदवाड्यासोबतच राहणार का, हे या वेळी आधी विचारलेलं बरं.

मास्तरांपैकी एकाने शंका काढली, की लेखी उत्तरं बहुतेक वेळा उडवाउडवीची असतात, "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच छापून येतं. येऊ द्या म्हटलं. त्याच्या वर आमच्या गावाचं नाव आणि खाली तारीख तर असेल.